पिशवीला गाठ होती, रक्तस्रावाचं कारण दुसरंच : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सुमनताई (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत), वय ३४. मराठवाड्यातलं ऊसतोड कुटुंब. दसरा झाला की नवरा-बायकोचा कोयता (ऊस तोडणारी जोडी) टोळीबरोबर कारखान्यावर जातो आणि पाडव्याच्या आसपास गावी परततो. तीन मुलं, तिन्ही बाळंतपणं नैसर्गिक. चोविसाव्या वर्षी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली.

ऑगस्टच्या शेवटी गावातल्या आशाताई त्यांना आमच्या उपजिल्हा रुग्णालयात घेऊन आल्या. तक्रार एका वाक्यात होती : "अंगावरून लई जातंय." पाळी आठ-नऊ दिवस चालायची. पहिले चार दिवस तासाला कपडा बदलावा लागे, गुठळ्या पडत, रात्री दोनदा उठावं लागे. जिना चढताना धाप लागत होती. पाय ओढत होते, मिसरी लावताना हिरड्यांतून रक्त यायचं.

या तक्रारीला आमच्या भागात एक ठरलेली वाट आहे. सोनोग्राफी, "पिशवीला गाठ", आणि शस्त्रक्रिया. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांबद्दल विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यात चाळिशीच्या आतल्या बायकाही होत्या. हे आकडे इथे देण्याचं कारण एवढंच की सुमनताईंच्या हातात खासगी दवाखान्याचा जो कागद होता, तो एकट्या त्यांचा नव्हता.

समोर आलेला प्रश्न

कागदावर लिहिलं होतं : गर्भाशय किंचित मोठं, फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) २.१ × १.८ सेंटिमीटर, हिमोग्लोबिन ७.१, सल्ला – गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढणे. तोंडी सांगितलं होतं की नाही काढलं तर कॅन्सर होईल. खर्च चाळीस हजारांच्या घरात. मुकादम ही रक्कम उचलीत (मजुरीच्या आगाऊ रकमेत) धरून द्यायला तयार होता.

सुमनताईंचा स्वतःचा कल शस्त्रक्रियेकडेच होता, आणि तो अज्ञानातून आलेला नव्हता. त्यांचं गणित स्पष्ट होतं. फडात पाळी आली की कपडा बदलायला आडोसा नाही, पाणी नाही, आणि एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा लागतो. "मॅडम, दर महिन्याची कटकट कायमची जाईल, मुलं तर झालीत," असं त्या म्हणाल्या. त्यांच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, घाई होती ती दसऱ्याची. शस्त्रक्रिया आत्ता झाली तर निघेपर्यंत टाके वाळतील, असा हिशेब.

त्यामुळे आमच्यापुढे दोन प्रश्न होते. वैद्यकीय प्रश्न : एवढा रक्तस्राव नेमका कशामुळे? आणि व्यवहाराचा प्रश्न : सहा-सात आठवड्यांत असं काय करता येईल, की ही बाई ऊस तोडायला गेली तरी सुरक्षित राहील? तिने जाऊ नये, असा सल्ला देणं सोपं होतं. उचल घेतलेली असताना त्या सल्ल्याला काही अर्थ नव्हता.

पहिला निर्णय : गाठीवर थांबायचं की पुढे विचारायचं

जास्त रक्तस्रावाची कारणं शोधण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिगोने, २०११ मध्ये एक वर्गीकरण मांडलं. त्यात कारणांचे दोन गट आहेत. पहिल्या गटातली कारणं सोनोग्राफीत किंवा तुकडा तपासून दिसतात : पॉलिप (अस्तराला आलेला कोंब), अ‍ॅडेनोमायोसिस (अस्तर भिंतीत शिरणं), फायब्रॉइड, कर्करोग आणि त्याआधीचे बदल. दुसऱ्या गटातली दिसत नाहीत : रक्त गोठण्यातला दोष, बीज वेळेवर न सुटणं, गर्भाशयाच्या अस्तराचा स्वतःचा बिघाड, औषधांचा परिणाम, आणि अजून न वर्गीकृत कारणं. सोनोग्राफी हातात आली की पहिल्या गटापाशीच थांबण्याचा मोह होतो, कारण तिथे बोट ठेवायला चित्र असतं.

आम्ही सोनोग्राफी पुन्हा केली. गाठ होती, पण गर्भाशयाच्या भिंतीच्या जाडीत, आतल्या अस्तरापासून दूर. अस्तराची पोकळी सरळ होती. रक्तस्राव वाढवतात ते प्रामुख्याने पोकळीत डोकावणारे फायब्रॉइड. भिंतीतली दोन सेंटिमीटरची गाठ तिशी-चाळिशीतल्या कितीतरी बायकांमध्ये काहीही त्रास न देता असते, आणि तिचा कर्करोग होणं अत्यंत विरळा. म्हणजे गाठ होती हे खरं, पण तासाला कपडा भिजण्याचा दोष तिच्यावर टाकता येत नव्हता.

मग मागचं विचारायला बसलो. त्रास कधीपासून? खासगी कागदावर "सहा महिने" लिहिलं होतं. सुमनताई म्हणाल्या, "सहा महिन्यांत जास्त झालं. तसं तर पहिल्यापासूनच." पहिल्यापासून म्हणजे? "शानी झाले तेव्हापासून." पहिल्याच पाळीला पंधरा दिवस गेलं होतं, आजीने काढे दिले होते.

हे उत्तर मिळाल्यावर पुढचे तीन प्रश्न विचारणं भागच असतं. बाळंतपणानंतर जास्त रक्त गेलं होतं का? शस्त्रक्रियेनंतर? दात काढल्यावर? पाळी सुरू झाल्यापासून रक्तस्राव जास्त आहे आणि या तिन्हींपैकी एकाचं उत्तर "हो" आहे, तर रक्त गोठण्याच्या तपासण्या करायच्या, असा साधा नियम आहे. तिन्ही उत्तरं "हो" निघाली. पहिल्या बाळंतपणानंतर दोन बाटल्या रक्त लागलं होतं. कुटुंबनियोजनाच्या टाक्यातून आठवडाभर झिरपत होतं. दाढेची गोष्ट सुमनताई विसरल्या होत्या, ती आशाताईंनी सांगितली : दाढ काढल्यावर दोन दिवस बोळे बदलत होते, शेजारच्या बायका बघायला आल्या होत्या. आणि घरात? "वडलांचा घोळणा फुटायचा. उन्हाळ्यात तर रोजच."

वेगळ्या दिशेने विचार सुरू झाला तो या बोलण्यातून. मला हा सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. या बाईने याआधी अनेक दवाखाने पाहिले होते. प्रत्येक ठिकाणी तिला विचारलं गेलं ते "किती दिवस चालते?" एवढंच. दात, टाके आणि वडिलांचं नाक यांचा पाळीशी संबंध असू शकतो, हे तिला कसं कळावं?

तपासण्या आणि एक फसवा रिपोर्ट

गर्भधारणा चाचणी आधी केली. शस्त्रक्रिया झालेली असली तरी ती टाळायची नाही. हिमोग्लोबिन ६.८, फेरिटिन ५, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपलेला. प्लेटलेट ४.१ लाख, थायरॉइड ठीक, रक्तगट ओ पॉझिटिव्ह. गर्भाशयमुखाची तपासणी ठीक होती. वय ३४, वजन ४४ किलो, मधुमेह नाही. अस्तराचा तुकडा तपासण्याची गरज आम्हाला वाटली नाही. चाळिशी ओलांडलेली असती किंवा वजन फार असतं, तर तो तपास आधी केला असता.

खासगी दवाखान्याच्या कागदांत "बीटी-सीटी नॉर्मल" (रक्त थांबायला आणि गोठायला लागणारा वेळ ठीक) असा रिपोर्ट होता. शस्त्रक्रियेआधी ही तपासणी आपल्याकडे सर्रास होते, आणि ती चांगली आली की रक्त गोठण्याचा विषय मिटला असं सगळे धरून चालतात. तसं नाही. सौम्य दोषात ही तपासणी, आणि पीटी-एपीटीटी या गोठण्याच्या पुढच्या तपासण्यासुद्धा, बिनचूक नॉर्मल येऊ शकतात. आमच्याकडे सुमनताईंचं पीटी-एपीटीटी नॉर्मलच आलं.

संशय होता वॉन विलेब्रँड विकाराचा. वॉन विलेब्रँड घटक हे रक्तातलं प्रथिन. रक्तवाहिनी फाटली की प्लेटलेटना तिथे चिकटायला ते मदत करतं आणि गोठण्याच्या आठव्या घटकाला सांभाळून ठेवतं. ते कमी असलं की जिथे जिथे कापलं-फाटलं जातं तिथे रक्त लवकर थांबत नाही. पाळीत गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला सुटतं, म्हणून बायकांना हा विकार पुरुषांपेक्षा जास्त जाणवतो. फिनलंडचे डॉक्टर एरिक वॉन विलेब्रँड यांनी १९२६ मध्ये ज्या मुलीवरून हा विकार पहिल्यांदा मांडला, ती ओलांड बेटांवरची होती. ती तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत रक्तस्रावाने वारली. या आजाराच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर पाळी आहे. तरीही जास्त पाळीच्या तक्रारीत त्याचा विचार सर्वांत शेवटी होतो. वेगवेगळे अभ्यास एकत्र पाहिले तर अशी तक्रार असलेल्या बायकांपैकी साधारण १३ टक्क्यांत हा विकार सापडतो.

तपासणी कुठे करायची, हाही निर्णयच होता. नमुना आमच्याकडे घेऊन गाडीने पाठवता आला असता. पण या तपासणीत रक्तातला प्लाझ्मा वेळेत वेगळा करून गोठवावा लागतो. नमुना वाटेत तापला तर आकडा खोटा कमी येतो, आणि एका बाईवर आयुष्यभराचा शिक्का बसतो. म्हणून सुमनताईंनाच मुंबईला पाठवायचं ठरलं. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची रक्तविकारांची संस्था आहे, अशा तपासण्यांची तिथे सोय आहे. पण त्याआधी त्यांना प्रवासाच्या ताकदीत आणणं भाग होतं.

दुसरा निर्णय : रक्त द्यायचं का

हिमोग्लोबिन ६.८ म्हटलं की नातेवाईकही "बाटली लावा" म्हणतात. त्या दिवशी पाळीचा सहावा दिवस होता, रक्तस्राव ओसरलेला. नाडी १०४, रक्तदाब १००/६४, छातीत दुखणं नाही, चक्कर फक्त उठताना. शरीराने या कमतरतेशी हळूहळू जुळवून घेतलं होतं. आम्ही रक्त न देता शिरेतून लोह देण्याचं ठरवलं. दुसऱ्या डॉक्टरांनी एक बाटली दिली असती तरी मी त्याला चूक म्हणणार नाही. रक्तस्राव चालू असता तर आम्हीही दिली असती.

लोहाचा हिशेब वजन, हिमोग्लोबिनमधली तूट आणि साठा यांवरून काढतात : ४४ किलो × ६.२ × २.४, अधिक साठ्यासाठी ५००, म्हणजे साधारण ११५० मिलिग्रॅम. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज पहिल्यांदा ७५० आणि आठवड्याने ५०० मिलिग्रॅम दिलं. गोळ्यांवर हे भरून यायला चार-पाच महिने लागले असते, आणि तेवढे महिने त्यांच्याकडे नव्हते.

पुढच्या पाळीसाठी रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक आम्ल दिलं : ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा, फक्त जास्त जाण्याच्या चार दिवसांत. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आपल्याकडे औषधाच्या दुकानात ही गोळी बहुतेक वेळा मेफेनॅमिक आम्लाबरोबर एकत्र मिळते. पोटदुखी असलेल्या इतर बायकांना ती जोडगोळी चालते. पण गोठण्याच्या दोषाचा संशय असताना मेफेनॅमिक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही औषधं टाळायची, कारण ती प्लेटलेटचं काम मंदावतात. सुमनताईंनी याआधी घेतलेल्या गोळ्यांचं पाकीट आशाताईंनी आणून दाखवलं. ती जोडगोळीच होती. "थांबायची गोळी घेऊनही थांबत नाही" या तक्रारीमागे तिचाही हात असावा. आम्ही साधी गोळी लिहिली, दुकानदाराला फोन केला, आणि दुखलं तर पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं.

मुंबईचा रिपोर्ट आला : वॉन विलेब्रँड घटकाचं प्रमाण ३४, त्याचं कार्य २९, आठवा घटक ४६. सामान्य प्रमाण साधारण ५० च्या वर असतं. ३० ते ५० मध्ये असेल आणि रक्तस्रावाचा इतिहास असेल तर निदान धरतात. ओ रक्तगटात हे प्रमाण मुळातच कमी असतं, तेही लक्षात घ्यावं लागतं. प्रमाण आणि कार्य दोन्ही सारख्याच बेताने कमी होते, म्हणून हा पहिल्या प्रकारचा, सौम्य विकार ठरला.

पर्याय

गर्भाशय काढणं हा पर्याय आम्ही टेबलावरून उचलला नाही. सुमनताईंना सांगितलं ते असं : शस्त्रक्रिया नंतरही करता येते, काढलेली पिशवी परत बसवता येत नाही. आता निदान कळल्यामुळे धोकाही स्पष्ट झाला होता. रक्त गोठण्याची तयारी न करता पोट उघडलं असतं तर टेबलावर किंवा नंतरच्या आठवड्यात मोठा रक्तस्राव होण्याची शक्यता खरी होती. शिवाय ३४ व्या वर्षी अंडाशय काढले की लगेच पाळी जाण्याचे सगळे परिणाम सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात. मोळ्या उचलणाऱ्या बाईची हाडं. आणि टाके "वाळतात" तेव्हा आतली जखम भरलेली नसते. निदान सहा आठवडे जड उचलायचं नसतं.

नॉरएथिस्टेरॉन या हार्मोनच्या गोळ्या त्यांनी तीनदा घेतल्या होत्या. बंद केल्या की पुन्हा तेच. गर्भनिरोधक संयुक्त गोळ्यांनी रक्तस्राव कमी होतो, पण कोपीत (फडावरच्या झोपडीत) राहून रोज ठरल्या वेळी गोळी घेणं त्यांनाच अवघड वाटलं. सरकारी केंद्रात मोफत मिळणारी गर्भनिरोधक गोळी "छाया", म्हणजे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं ऑर्मेलॉक्सिफिन, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची असते आणि जास्त पाळीवर चांगली चालते. मी तिचा गंभीरपणे विचार केला. रक्त गोठण्याच्या विकारात तिचा अनुभव तोकडा आहे, म्हणून मागे ठेवली. "अंतरा" हे गर्भनिरोधक इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा, हे सोयीचं. पण स्नायूत खोल टोचल्यावर रक्त साकळण्याची भीती, आणि सुरुवातीचा अनियमित रक्तस्राव. अस्तर जाळण्याची प्रक्रिया जवळपास उपलब्ध नव्हती.

राहिली हार्मोनची तांबी. ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची ही तांबी गर्भाशयातच थोडं थोडं औषध सोडते आणि अस्तर पातळ करते. जास्त पाळीवर आज उपलब्ध औषधांमध्ये ती सर्वांत परिणामकारक मानली जाते. एकदा बसवली की वर्षानुवर्षं काही आठवणीत ठेवायचं नाही. अडचणी तीन : किंमत काही हजार, सरकारी पुरवठ्यात नाही, आणि पहिले तीन ते सहा महिने मधून मधून डाग पडतात. नेमके ते महिने फडातले. गोठण्याच्या विकारात ती निसटण्याचं प्रमाणही थोडं जास्त असतं.

सुमनताईंना "तांबी" शब्दाचीच धास्ती होती. त्यांच्या जावेला साध्या तांबीने जास्त जाऊ लागलं होतं. ती भीती खरी आहे. तांब्याच्या तांबीने रक्तस्राव वाढतो. ही वेगळी, हे पटवायला नुसतं सांगून भागलं नाही. ही तांबी बसवलेली गावातलीच एक शिक्षिका त्यांच्याशी बोलली. मग सुमनताईंनी स्वतः "बसवा" म्हटलं. मालकांना आम्ही वेगळं बसवून समजावलं. त्यांचा प्रश्न एकच होता : "ऊस तोडताना निसटणार न्हाई ना?" उत्तर दिलं : शक्यता थोडी आहे, निसटली तर जास्त जायला लागेल, तेव्हा फोन करायचा.

काय केलं

खर्च रुग्ण कल्याण समितीतून झाला. पाळीच्या शेवटच्या दिवशी, ट्रॅनेक्सॅमिकच्या आवरणाखाली तांबी बसवली. तेव्हा हिमोग्लोबिन १०.२ होतं. निघताना त्यांच्याकडे एक लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं. मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण त्या वर्षी कारखाना सीमेपलीकडचा होता. कार्डावर विकाराचं नाव, टाळायची औषधं, "दात काढण्याआधी किंवा शस्त्रक्रियेआधी या क्रमांकावर बोला", आणि "तांबी आम्हाला विचारल्याशिवाय काढू नये" एवढंच.

शेवटची ओळ दोन महिन्यांनी उपयोगी पडली. सुमनताईंना सलग बावीस दिवस डाग पडत होते. कारखान्याजवळच्या दवाखान्यात तांबी काढायला सांगितलं. त्यांनी कार्ड पुढे केलं, तिथल्या डॉक्टरांनी फोन केला. डाग म्हणजे रोज एक छोटा कपडा, गुठळ्या नाहीत. सोनोग्राफीत तांबी जागेवर होती. पाच दिवस ट्रॅनेक्सॅमिक देऊन वाट पाहायचं ठरलं, आणि तांबी राहिली.

परिणाम

पाडव्यानंतर त्या आल्या तेव्हा हिमोग्लोबिन ११.९ होतं. पाळी तीन-चार दिवस, दिवसाला दोन कपडे. डाग पाचव्या महिन्यात थांबले होते. पाळीमुळे लागणारे खाडे त्या हंगामात कमी झाले, पण पूर्ण टळले नाहीत. डाग पडत होते त्या आठवड्यांत त्या दोनदा कामावर गेल्या नाहीत. गाठ तेवढीच आहे. वर्षातून एकदा बघायची.

मुंबईला दुसऱ्यांदा तपासलं तेव्हा प्रमाण ३७ आलं, निदान पक्कं झालं. या वेळी तेरा वर्षांची मुलगी बरोबर होती. तिची पाळी हंगामातच, आजीकडे असताना सुरू झाली होती. अकरा दिवस चालली आणि तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिचं प्रमाण ३१ निघालं.

वेगळं काय करता आलं असतं

मुलीची तपासणी आईचं निदान झालं तेव्हाच, ऑक्टोबरआधी व्हायला हवी होती. पाळी सुरू झालेली नाही म्हणून ती पुढे ढकलली गेली. खरं तर पाळी सुरू व्हायच्या आधीच घरच्यांच्या हातात कार्ड आणि गोळ्या असायला हव्या होत्या. ज्या घरात मुली हंगामात आजी-आजोबांकडे राहतात, तिथे हे आजीला समजावणंही आलं.

त्याहून मागे गेलं तर पहिल्या बाळंतपणात दोन बाटल्या रक्त लागलं, तेव्हाच हा धागा हाती यायला हवा होता. तेव्हापासून ही बाई सरकारी आणि खासगी यंत्रणेसमोर पुन्हा पुन्हा आली. प्रत्येक वेळी रक्त भरून काढलं गेलं, "का गेलं" हे कागदावर आलं नाही. आमच्या बाह्यरुग्ण विभागात आता जास्त पाळीच्या प्रत्येक केसपेपरवर चार ओळींचा शिक्का आहे : पहिल्या पाळीपासून आहे का, बाळंतपणात गेलं का, दात किंवा टाके, घरात कुणाला. सिस्टर तो भरून मगच रुग्ण आत पाठवतात.

बीडमध्ये २०१९ नंतर खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्यांनी अमलात आणाव्यात असा आदेश दिला. हे आवश्यकच आहे. पण परवानगीचा अर्ज नाकारला गेला तरी बाईचं अंगावरून जाणं थांबत नाही. हार्मोनची तांबी सरकारी पुरवठ्यात नाही, वॉन विलेब्रँडची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी होत नाही, तोवर "काढू नका" म्हणणाऱ्या डॉक्टरच्या हातात देण्यासारखं फार थोडं असतं.

मुलगी सध्या लोहाच्या गोळ्या घेते आणि पाळीत साधी ट्रॅनेक्सॅमिक. तिच्या वर्गशिक्षिकेला कार्डाची प्रत दिली आहे. सुमनताईंच्या दोन्ही मुलांची तपासणी पुढच्या खेपेला आहे, कारण हा विकार मुलांनाही येतो आणि थोरल्याचा घोळणा फुटतो.